बिनदाराच्या घराची फळी

शिंगणापूरच्या शिवेला लागून आमची वाडी. शनिदेवाच्या धाकानं घरांना चौकट असायची, दार नसायचं. अशा वाडीत एक ख्रिस्ती सुतार कधीकाळी येऊन राहिला होता. न्हाव्यानं टकल्यांच्या गावात दुकान टाकावं, तसं. मी तिथं सून म्हणून आले तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, ओळख करून दिली ती अशी: "मिस्त्री लई गुणाचा. फक्त किरिस्ताव हाय."

देवाचा धाक माणसांना, कुत्र्यांना कुठला? ती थेट भाकरीच्या टोपल्यापर्यंत यायची. म्हणून प्रत्येक घरी उंबऱ्याशी एक फळी टेकवून ठेवत. टेकवायची बरं का, ठोकायची नाही. खिळा मारला की ते दार झालं आणि शनिदेव कोपला. ही फळी करावी ती मिस्त्रींनीच. चौकट वाकडी असली तर फळीही तितकीच वाकडी, पण बोट शिरेल एवढी फट नाही. नवं घर बांधलं की फळी त्यांच्याकडून फुकट. "घरभरणीचा आहेर," म्हणायचे. माप मात्र उंबऱ्याबाहेर उभं राहून घ्यायचे. आमच्याकडं त्यांचा कान तुटलेला कप बाहेरच्या कोनाड्यात असायचा, आणि चहा वरून ओतायचा. घरातला देव्हारा, सासऱ्यांची खाट, माझ्या नवऱ्याचा पाळणा, सगळं त्यांच्याच हातचं. लाकडाला विटाळ होत नाही, हा शोध आमच्या वाडवडिलांनी सोय बघूनच लावला असणार.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि वाडी खडी फोडायला गेली. मिस्त्रींनी होतं नव्हतं ते लाकूड लोकांच्या टिकाव-फावड्यांना दांडे करण्यात घातलं. कुणाला नाही म्हणून सांगितलं नाही. आणि एका सकाळी रंधा हातात असतानाच गेले.

सगळी वाडी त्यांच्या अंगणात जमली. सासरे गावचे पाटील, त्यांना बोलणं भागच होतं. म्हणाले, "मोठ्या मनाचा मानूस. आमच्या घरातलाच हुता." घरातला म्हणे! कोनाड्यातला म्हणा की, असं अगदी ओठावर आलं होतं माझ्या.

मिस्त्रींच्या बायकोला मी मावशी म्हणायचे. ती एकच मागत होती. "ह्यांनी आमच्या चर्चच्या मंडळीत किती जनांना मातीच्या पेट्या करून दिल्या. ह्यांना पेटीबिगर नेऊ नका. ह्यांच्या तोंडावर माती पडलेली मला बघवायची न्हाई." पण सगळं लाकूड तर आमच्या टिकावांना लागलेलं. शेडमध्ये नुसता भुसा. आणि उन्हाळा असा की दिवस मावळायच्या आत माती देणं भाग.

आमची जनावरं छावणीला गेलेली, गोठ्यात लाकडी गव्हाण रिकामी पडली होती. तीही मिस्त्रींनीच केलेली, बैलजोडीला पुरेल अशी लांबरुंद. माझ्या नवऱ्यानं चौघांना घेऊन ती उचलून आणली. माती द्यायला तालुक्याच्या चर्चमधून एसटीनं आलेले पाळकसाहेब बघतच राहिले. "अहो, ही तर गव्हाण."

मावशी म्हणाली, "आपला देव पैल्यांदा गव्हाणीतच निजला ना साहेब? मग ह्यांनाबी चालंल."

साहेबांनी हळूच विचारलं, "आणि झाकण?"

झालं! सासऱ्यांनी घसा खाकरला. "झाकन म्हंजी दारच की. ते बी ठोकायचं. या शिवारात न्हाई चालायचं." एक म्हातारा म्हणाला, झाकण वर उघडतं, म्हणून ते दार नव्हे. दुसरा म्हणाला, मिस्त्रीचा देव वेगळा असंल, पन जमीन आपल्या देवाची हाय. ऊन उतरत चाललं, ह्यांची पंचाईत संपेना. मावशी गव्हाणीच्या काठाला धरून बसली होती. मिस्त्रींनीच घडवलेल्या एखाद्या दांड्यानं एकेकाला हाणावं, असं मला होत होतं.

आत्याबाई उठल्या. घरी गेल्या आणि उंबऱ्याची फळी डोक्यावर घेऊन आल्या. "ही टेकवा तोंडाच्या अंगाला. ठोकू नका. टेकवल्यालं शनिदेवाला चालतं."

"आन् कुत्री?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुमी हाय की राखायला."

ते ऐकून आणखी दोघी उठल्या, आपापल्या घरच्या फळ्या घेऊन आल्या. मावशीनं कडेनं हात फिरवून बघितला आणि म्हणाली, "बसली." मग मिस्त्रींना माती दिली. तोंडावर एक कण पडला नाही.

दुसऱ्याच दिवशी कुत्र्यांनी आमची भाकरी पळवली. सासऱ्यांनी नेवाश्याहून नवी फळी करून आणली. तिला एका बाजूला चार बोटं फट. कुत्री त्यातून पाहुण्यासारखी येऊ लागली. शेवटी पाटील स्वतः काठी घेऊन उंबऱ्यात बसायला लागले.

एकदा असेच बसले असताना म्हणाले, "मिस्त्री पायजे हुता. आपल्या घरातला मानूस."

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून बाहेर गेल्या, कोनाड्यातला तो कप आणला, धुतला आणि फडताळात आमच्या कपांच्या रांगेत ठेवला. सासरे बघत होते.

कप आत आला. आमच्या घराला तर दारसुद्धा नव्हतं, पण मिस्त्रींना आम्ही उभ्या जन्मात एकदाही 'आत या' म्हटलं नाही.