पाऊण पुस्तकावरचं भांडण

इंग्लंडातल्या मोरकँब गावच्या मेथडिस्ट चर्चच्या माडीवर दर मंगळवारी सकाळी अकरा वाजता नऊ बायका जमायच्या आणि पोरींची लग्नं लांडग्यांशी लावून द्यायच्या. लांडगा नसेल तर रक्त पिणारा सरदार, तोही नसेल तर दोनशे वर्षांपूर्वी बुडालेल्या जहाजाचा देखणा कप्तान. माणूस मात्र चालायचा नाही. माणसाला खप नाही, म्हणे. त्याच वेळी खाली तळमजल्यावर म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांचा व्यायाम चालायचा, आणि खरं विचाराल तर त्या इमारतीत जगाच्या उपयोगाचं जे काही व्हायचं ते खालीच व्हायचं.

मंडळाचं नाव काळी चंद्रकोर. अध्यक्षा रोझलिंड प्रॉक्टर. बाई आयुष्यभर शाळा तपासत हिंडल्या, आणि निवृत्त झाल्यावर बत्तीस पुस्तकांमधून बत्तीस बायकांच्या माना पिशाच्चांच्या दातांखाली दिल्या. पाणचट चहा, ओलसर बिस्किटं आणि स्तुती, असा तिथला कार्यक्रम. हिने तिच्या पुस्तकाला 'काळजाला हात घालणारं' म्हणायचं, तिने हिच्याला 'झोप उडवणारं' म्हणायचं. अहो रूपम्, अहो ध्वनिः! पुस्तकांच्या वेष्टनांवरही एकच उघडाबंब गडी. चित्रं विकणाऱ्या एकाच ठिकाणाहून तिघींनी त्याला उचललेला. एकीने त्याचे केस काळे केले, दुसरीने त्याच्या मागे चंद्र लावला, तिसरीने डोळे पिवळे रंगवले. त्या बिचाऱ्याला सदरा घालावा असं मात्र एकीलाही सुचलं नाही.

ह्यातलीच एक हेझल ऑर्मरॉड. वय एकोणसाठ. दिवसभर क्वीन स्ट्रीटवरच्या कपडे धुऊन देणाऱ्या दुकानात गल्ल्यामागे उभी असायची, मंगळवारी तेवढी दुपारपर्यंत सुट्टी. नवरा केव्हाच दुसरीबरोबर स्पेनला पळालेला, मुलगी कॅनडात. लोकांच्या कोटांना चिठ्ठ्या टाचता टाचता हेझलला लिहायचा नाद लागला, आणि सेलेस्टीन द मोर ह्या नावाने तिने नऊ पुस्तकं काढली. नऊच्या नऊ पुस्तकांत एकच लांडगा. नाव तेवढं बदलायचं. तो रागीट, तो अबोल, त्याच्या मनात जुनी जखम, आणि त्याला समजून घेणारी एकच बाई. ती पुस्तकं वाचायचं कोण? दुसऱ्या गावांतल्या अशाच मंडळांमधल्या अशाच बायका. लिहिणाऱ्याही त्याच, वाचणाऱ्याही त्याच, आणि उसासे टाकणाऱ्याही त्याच!

आणि ह्या हेझलला, नशिबाचा खेळ बघा, बर्नार्ड मिळाला होता.

बर्नार्ड हॅल्सॉल घरं गरम ठेवणारे बॉयलर दुरुस्त करायचा. बासष्ट वर्षांचा, बायको वारलेली, पोट सुटलेलं, बोलणं मोजकं. हेझलचा बॉयलर बंद पडला म्हणून आला, आणि मग चार वर्षं दर रविवारी जेवायलाच येत राहिला. प्रेस्टनच्या, लँकॅस्टरच्या पुस्तकजत्रेला तिची खोकी आपल्या व्हॅनमधून न्यायचा, टेबलामागे उभा राहायचा. कुणी विचारलं, "कसं आहे हो पुस्तक?" तर म्हणायचा, "मेहनत फार घेतलीय तिने." पुस्तक असं विकतात होय? पण एक सांगते, तिचं हस्तलिखित पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा जगात तो एकटाच होता. माडीवरच्या बायका पहिली दहा पानं चाळून रडवेल्या व्हायच्या. हा चष्मा लावून, पेन्सिल घेऊन बसायचा.

"हेझल, तुझा लांडगा तिसऱ्या प्रकरणात डावखुरा होता. इथे उजव्या हाताने तलवार उपसतोय."

"बर्नार्ड, इथे ती पहिल्यांदा त्याच्या मिठीत शिरतेय. तुला तलवार दिसली?"

"आणि गढीत अठरा चुली पेटवल्यास. धुराडं एकच. मरतील गं सगळी गुदमरून."

हेझल चिडायची. आणि मुकाट्याने धुराडी वाढवायची.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी जेवण झाल्यावर बर्नार्ड म्हणाला, "माझी बहीण ग्रिम्सबीला बोलावतेय, तिकडे पार पूर्व किनाऱ्यावर. तिचा नवरा गेला, घर मोठं आहे. एकटी आहे. ईस्टरपर्यंत सांगतो म्हटलंय तिला." मग मिठाची बाटली फिरवत म्हणाला, "नाहीतर मी इथेच येतो राहायला. तुझ्याकडे. तुझं छत गळतंय, माझी व्हॅन बाहेर मावते. तू म्हणशील तसं."

हेझलला आनंद झाला. खरंच झाला हो! एकोणीस वर्षं एकटी राहिलेली बाई ती. तेव्हाच 'ये' म्हणाली असती तर ही गोष्ट इथेच गोड झाली असती आणि सांगायलाही कुणी बसलं नसतं. पण मंडळाला विचारल्याशिवाय ही बाई पडद्याचा रंग ठरवायची नाही. म्हणाली, "विचार करून सांगते."

मंगळवारी तिने माडीवर सांगितलं, आणि बायकांचे चेहरे पडले.

"छत गळतंय?" भुतांच्या प्रेमकथा लिहिणारी जॅनिस म्हणाली. "ह्याला मागणी म्हणायची? अगं, हे तर घरदुरुस्तीचं टिपण झालं."

रोझलिंडबाईंनी चष्मा काढला. बाई चष्मा काढतात तेव्हा बाकीच्या पेन उचलतात. "हेझल, चार वर्षांत तुमचं भांडण किती वेळा झालं?"

"भांडण असं नाही झालं."

"एकदाही नाही? मग गोष्ट पुढे सरकणार कशी?"

आता ह्यांचा एक नियम सांगायला हवा, कारण सगळा घात त्यानेच केला. ह्या बायकांच्या प्रत्येक पुस्तकात पाऊण भाग संपला की जोडप्याची ताटातूट व्हावीच लागते. नायिका म्हणते, चालता हो. नायक उद्ध्वस्त होतो, रानोमाळ भटकतो, त्याला कळतं की हिच्यावाचून आपण जगू शकत नाही. मग तो वादळात भिजत येतो आणि गुडघे टेकतो. ताटातूट नसेल तर वाचक पुस्तक भिरकावतात, असं ह्यांचं म्हणणं. पुस्तकापुरतं ठीक आहे, करा काय करायचं ते. पण ह्या शहाण्यांनी तोच नियम एका बॉयलरवाल्याला लावला!

"त्याला नाही म्हण," रोझलिंडबाई म्हणाल्या. "स्पष्ट. कारण देऊ नकोस. पुरुष पेटून उठतो."

"आणि नाही पेटला तर?"

"मग तो नायकच नव्हता, आणि तुझी सुटका झाली."

जॅनिसने तर वाक्यही लिहून दिलं. हेझलने ते आरशासमोर पाठ केलं. साठीला आलेली बाई, कपडे धुण्याच्या दुकानातली, आरशासमोर हात छातीशी घेऊन! हसावं की कपाळावर हात मारावा?

रविवारी बर्नार्ड मटण-बटाटा दुसऱ्यांदा वाढून घेऊन खात होता तेव्हा ती उभी राहिली. "बर्नार्ड, तू माझ्या आत्म्याला कधी ओळखलंच नाहीस."

बर्नार्डचा चमचा थांबला. "कुणाला?"

"आत्म्याला."

त्याने घास गिळला. "म्हणजे राहायला येऊ नको?"

"नको. जेवायलाही येऊ नकोस."

आता पेटेल, मग पेटेल, म्हणून हेझल टेबलाला धरून उभी. बर्नार्डने आपली ताटली उचलली, धुतली, पुसून जागेवर ठेवली. "बरं," म्हणाला. "मग बहिणीला कळवतो." आणि कोट घालून गेला.

मंगळवारी माडीवर टाळ्या पडल्या. ताटली धुतली ह्यात जॅनिसला दडपलेलं वादळ दिसलं. रोझलिंडबाई म्हणाल्या, "आतून जळतोय तो. आता वाट बघ."

हेझलने वाट पाहिली. समेटाच्या दिवसासाठी गर्द लाल स्वेटर आणला. दुकानाचं दार वाजलं की मान वर, पाऊस आला की खिडकीशी. एक आठवडा, दोन, तीन. बर्नार्डचा नंबर फोनमध्ये होता, फोन खिशात होता, बोट हाताला होतं. पण नायिका आधी फोन करत नाही ना! रविवारी ती दोघांपुरतं रांधायची आणि सोमवार-मंगळवारपर्यंत शिळं खायची. चौथ्या आठवड्यात तिला रडू यायला लागलं, आणि आपण कुणाच्या सांगण्यावरून काय करून बसलो हे तिला अर्धंमुर्धं कळायलाही लागलं. मंडळात विचारलं तर बायका म्हणायच्या, "हीच तर वेदना! लिहून काढ, वाया घालवू नकोस." ह्या बायकांच्या दारात प्रेत आलं तरी त्या आधी त्याचं प्रकरण किती पानांचं होईल ते बघतील.

सहाव्या आठवड्यात, सोमवारी, ती घरी आली तर दारातून आत एक कार्ड सरकवलेलं. बॉयलर तपासल्यावर देतात तसलं, त्याच्या मागे पेन्सिलने लिहिलेलं.

'हेझल, शेजारच्या बाईंकडून किल्ली घेऊन आलो होतो. बॉयलर तपासला. छताची फट भरली, आता गळणार नाही. पुढची तपासणी ऑक्टोबरात, विसरू नकोस. शनिवारी ग्रिम्सबीला जातोय. तोवर इथेच आहे, काही सांगायचं असेल तर. बर्नार्ड.'

ती जिन्यावरच बसली. तिने कार्ड दोनदा वाचलं, फोन काढला, त्याचं नाव समोर आणलं. आणि मेली थांबली. म्हणाली, उद्या मंगळवारच आहे. एकदा विचारून मग करते.

दुसऱ्या दिवशी तिने माडीवर कार्ड वाचून दाखवलं. 'फोन करू ना?' एवढंच तिला विचारायचं होतं. पण 'पुढची तपासणी ऑक्टोबरात' आलं आणि जॅनिस फिस्सकन हसली. एक हसली की सगळ्या. रोझलिंडबाईंनी कार्ड हातातून घेतलं आणि आपल्या पिशाच्चाच्या खर्जातल्या आवाजात वाचलं, "प्रिये! तुझी फट मी भरली!" बायका टेबलावर पालथ्या पडल्या.

आणि हेझलही हसली. नुसती हसली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण आठ जणी आपल्याकडे बघून हसताहेत, आपलं ऐकताहेत, हे सुख तिला कधी मिळालं नव्हतं. तिला चेव आला. "हे काहीच नाही! वाढदिवसाला मला धूर झाला की बोंबलणारी डबी दिली होती. फीत लावून!" ती उठली. पोट पुढे काढलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला आणि बर्नार्डच्या चालीने टेबलाभोवती फिरली. "हेझल, अठरा चुली, धुराडं एकच. मरतील गं सगळी गुदमरून." हुबेहूब तो आवाज, तसाच संथ. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून.

दारात बर्नार्ड उभा होता. दोन्ही हातांत तिच्या पुस्तकांची दोन खोकी, एकावर एक. मागच्या पुस्तकजत्रेनंतर ही खोकी त्याच्या व्हॅनमध्येच राहिली होती. दुकानातल्या पोरीने सांगितलं, बाई चर्चच्या माडीवर आहेत, म्हणून जिना चढून आला होता.

ह्या बायकांच्या पुस्तकात दाराआडून कानावर पडलेलं बोलणं नेहमी अर्धवट असतं. नायकाचा गैरसमज होतो आणि दहा पानांत तो फिटतो. बर्नार्डच्या कानावर पडलं ते पूर्ण होतं, आणि त्याचा कसलाही गैरसमज झाला नव्हता.

"कुठे ठेवू?" त्याने विचारलं.

हेझलने नाकाच्या शेंड्यावरचा चष्मा काढला. त्याने खोकी पियानोपाशी नीट ठेवली, रोझलिंडबाईंना "येतो बाई" म्हटलं आणि जिना उतरू लागला.

"बस खाली," रोझलिंडबाई कुजबुजल्या. "आता तो वळेल."

हेझल बसली. खरंच बसली हो! पावलं तळाशी पोचून बाहेरचं दार आपटल्यावर मग उठून धावली. बर्नार्ड व्हॅनमध्ये बसला होता. त्याने काच खाली केली.

"बर्नार्ड, ते मी उगाच... त्या हसत होत्या म्हणून."

"हो."

"माझ्या मनात तसं नव्हतं रे."

"नसेलही." तो समोर समुद्राकडे बघत होता. भरती उतरली होती, लांबवर नुसता चिखल. "नक्कल छान केलीस. चार वर्षांत मी तुला इतकं हसताना पाहिलं नव्हतं, हेझल. मला वाटायचं, तुझा स्वभावच हसरा नाही." मग त्याने मान वळवली आणि सरळ तिच्याकडे पाहिलं. "मी जाऊ, की नको? तेवढं सांग."

ह्याहून स्पष्ट आणखी काय विचारायचं एखाद्या माणसाने! नको, एवढंच तिला म्हणायचं होतं. महिनाभर उशीत तोंड खुपसून तेच तर म्हणत होती ती. तिने तोंड उघडलं, आणि काय बोलावं ते बघायला मान वर करून माडीच्या खिडकीकडे पाहिलं.

खिडकीत आठ जणी दाटून उभ्या होत्या. रोझलिंडबाई ओठांवर बोट ठेवून मान हलवत होत्या, काही बोलू नकोस म्हणून.

बर्नार्डनेही वाकून वर पाहिलं. "बरं," तो म्हणाला आणि काच वर केली.

शनिवारी तो ग्रिम्सबीला गेला. पुढच्या आठवड्यात हेझल पुन्हा त्या बायकांत जाऊन बसली. तिला दुसरीकडे कुठे जायलाच उरलं नव्हतं.