गिटारचं दावं

थोरला भाऊ गेला आणि त्याची गिटार परत आली. ओझरकडचा एक कार्यक्रम उरकून त्याच्या ऑर्केस्ट्राची जीप येत होती. कळंबच्या अलीकडे ट्रकनं तिला ठोकलं. मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेल्या गिटारला साधा ओरखडाही नव्हता. वडिलांनी ती बाहेरच्या खोलीत खुंटीला टांगली आणि त्या दिवसापासून आईनं त्या खोलीत पाय ठेवला नाही. पाहुणे आले की मधल्या दारातूनच चहाचं ताट पुढे करायची. शेतावर जायची तीही मागच्या दारानं. अशी चार वर्षं गेली.

मला रडू आलं नव्हतं. दहाव्यालाही नाही. लोक म्हणाले, पोरगं घट्ट आहे. घट्ट कसलं? आत काही हलतच नव्हतं. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांची वजनं लिहायची, घरी यायचं, जेवायचं, झोपायचं. भावाबद्दल कुणी विचारलं तर पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं बोलायचो.

गिटार गेली की आई बाहेर येईल, असं माझं साधं गणित. म्हणून पुण्याच्या पेपरात छोटी जाहिरात द्यायचं ठरवलं. ‘विकणे आहे. जुनी लाकडी गिटार, पोलादी तारा.’ खाली शेजारच्या किराणा दुकानाचा फोन नंबर. वडिलांनी जन्मभर बैलबाजार केलेला. ते म्हणाले, “घरची हाय म्हून लिही. आन् खोड नाय म्हून लिही.”

“गिटारला कसली खोड?”

“लिही रं. इकताना सांगावं लागतं.”

मी लिहिलं.

दोन आठवड्यांनी पुण्याहून एक गृहस्थ आले. शिक्षक होते. त्यांनी लाकडावर बोटानं टकटक केलं, एक डोळा मिटून गिटारच्या मानेवरून नजर टाकली. वडील माझ्या कानाशी लागले, “जाणता दिसतोय.” मग पाहुण्यांनी तारा जुळवून थोडंसं वाजवलं. आवाज ऐकून आपल्याला काहीतरी होईल, असं मी धरून चाललो होतो. काही झालं नाही. मला स्वतःचाच राग आला.

“लाकूड छान मुरलंय,” ते म्हणाले. “पण तारा इतकी वर्षं ताणलेल्याच? सैल करून ठेवायच्या असतात. मान जराशी वाकलीय.”

आम्हाला कुठलं माहीत? तरी सौदा झाला. ते उठले, तसे वडील पुढे झाले आणि गिटारचा खांद्याचा पट्टा सोडवायला लागले.

“अहो, तो राहू द्या ना,” पाहुणे म्हणाले.

“नाय पावणं. जनावर इकलं तरी दावं देत नाय आमी. दाव्यासंगं गोठा उठतो.”

पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. ते भले गृहस्थ, हसले आणि पट्ट्याशिवाय गिटार घेऊन गेले.

त्यांना स्टँडवर सोडून आलो तर पट्टा त्याच खुंटीवर लोंबत होता. माझं डोकं फिरलं. “गोठा वाटला का हा तुम्हाला? ती खुंटी रिकामी व्हावी म्हणून तर सगळा खटाटोप केला! आता आई कशी यायची?” चार वर्षांत मी पहिल्यांदाच आवाज चढवला होता. वडील म्हणाले, “समदंच कसं द्यायचं, राव?”

आमचा आवाज ऐकून आई मधल्या दारात आली. जरा थांबली. मग उंबरा ओलांडून सरळ खुंटीपाशी गेली, पट्टा काढला आणि स्वतःच्या खांद्यावरून अडकवला. भावानं स्वतःच्या मापाला लावलेलं बक्कल तसंच होतं. पट्टा पार तिच्या गुडघ्यांपर्यंत आला.

“एवढा मोठा झाला व्हता का रं त्यो?” तिनं मला विचारलं.

मी हो म्हणायला तोंड उघडलं, तर रडूच फुटलं. वडिलांनी मला धरून खाली बसवलं.