आईच्या खाटेजवळची काच

१६ नोव्हेंबर, शनिवार. तीन काचा, मजुरीसह २,६०० रुपये, त्याच दिवशी चुकते केले. हजर: मी, माझी बायको, जामसरचा सुतार, मोखाड्याचा काचवाला आणि खाटेवर आई.

पावसाळ्यात अंगणात घसरून आईचा खुबा मोडला. त्यानंतर ती उठली नाही. तिला पडल्या पडल्या बाहेर दिसावं म्हणून भिंत फोडून खाटेच्या उंचीला खिडकी करून घेतली. चौकट सागाची. बाजूचे दोन पल्ले उघडणारे, मधला पक्का.

सुतार म्हणाला होता, "एवढी खाली खिडकी? कोंबड्या आधी आत येतील, पाहुणे मागून."

"म्हणून तर मधला पक्का ठेव," बायको म्हणाली.

काच आम्ही दोघांनी पसंत केली. काळपट निळी, बाहेरून आरशासारखी. आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या नव्या घरांना तीच आहे. मोखाड्याहून ती जीपमधून गोधडीत गुंडाळून आली. जीपवाल्याने तिचं एका सीटचं भाडं घेतलं. बसवून झाल्यावर बाहेरून काचेत डोंगर दिसू लागला. आमचा कोंबडा स्वतःशीच भांडायला लागला. सुतार पोट धरून हसला.

रविवारी दुपारी बायको आईचं ताट घेऊन गेली. आईने तोंड फिरवलं.

"तिन्हीसांजेला ताटावर बसत नाहीत. दिवा लाव आधी."

"आई, बारा वाजलेत."

"मला दिसत नाही का? दिस बुडाला. नागली आत घे, ढगही भरलेत."

बाहेर कडक ऊन होतं. नागलीची कणसं अंगणात वाळत होती. मी खाटेशी वाकून आईच्या नजरेतून पाहिलं. अंगण, खळं, पलीकडचा डोंगर, सगळं दिवेलागणीसारखं. बाजूचे पल्ले उघडले तर उजेड तिच्या पायांवर पडायचा. नजर मधल्या काचेवरच.

मी घड्याळ दाखवलं. ती म्हणाली, "ते बंद पडलं असंल." बायकोने एकदा खरोखर नागली आत आणली, आई झोपल्यावर पुन्हा पसरली. दिवा लावून पाहिला. मग आई म्हणायची, आता रात्र झाली, आता काय जेवायचं. सकाळची पेज तेवढी जायची. दुपारचं आणि संध्याकाळचं ताट परत यायचं. बाहेर उचलून न्यावं तर हात लावला की ओरडायची.

मी काचवाल्याला फोन केला. मधली काढून साधी पांढरी काच लाव म्हटलं.

"दादा, लोक साधी काढून काळी लावतात. तुमचं उलटंच!"

"आई जेवत नाही."

"माप आहे माझ्याकडे," तो म्हणाला. " उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. लाकडी पट्ट्या उचकटून त्याने काळी काच बाहेर काढली. मोकळ्या चौकटीतून ऊन सरळ आईच्या तोंडावर आलं. तिने डोळे बारीक केले.

"अजून दिस हाय," ती म्हणाली. मग बायकोला, "अगं, मला वाढलं नाहीस का आज?"

बायको ताट वाढायला आत गेली. काचवाला साधी काच बसवत होता तोवर आईने अर्धी भाकरी आणि वालाची आमटी खाल्ली. चावताना ती नागलीवरच्या चिमण्या हाकलत होती, काचेतून, तोंडानेच. चिमण्या उडाल्या नाहीत.

पैसे द्यायला गेलो तर काचवाल्याला जीप गाठायची होती. "बाजाराला याल तेव्हा द्या," म्हणाला आणि पळाला.

त्यानंतर आई दुपारचं जेवली. रोज थोडं. मग पेजही जाईना, आणि डिसेंबरात ती गेली. सकाळ होती. उजेड चांगला होता. मला त्या वेळी काही वाटल्याचं आठवत नाही. खाट बाहेर काढायची होती, ती काढली. खिडकी तशीच आहे, दोन काचा काळ्या, मधली पांढरी. येणारे जाणारे विचारतात. काच फुटली होती, असं मी सांगतो.

बाराव्यानंतरच्या बाजाराला मोखाड्याला गेलो. काचवाला दुकानात काच कापत होता. माझं डोकं पाहिलं नाही त्याने, टोपी होती.

"दादा, जेवते का आजी आता?"

"जेवली," मी म्हणालो.

काचेचे आणि मजुरीचे मिळून ७५० झाले होते. ते त्याच्या हातात दिले.