शून्यासकट तीनशे बारा

हिंदी मुलखातल्या हरिशंकरपुरम वस्तीत राजलक्ष्मीबाईंकडे जावा ही संगणकाची भाषा शिकून गेलेली पोरं कुठल्या कुठे पोचली, पण बाईंचं एक वाक्य कोणी विसरलेलं नाही. "ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो आकडाच नव्हे! त्याला स्ट्रिंग करा. फोन नंबरात दोन मिळवून कोणाला फोन लावणार?" संगणक पडला हुकमाचा ताबेदार. आकडा म्हणाल तर सुरुवातीचं शून्य टाकून देतो, स्ट्रिंग म्हणजे नुसती अक्षरं म्हणाल तर जसंच्या तसं ठेवतो. आणि नेमकी हीच बाई तिथंच चुकली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

शहरातले दोन दूध संघ एक झाले. दोन्हीकडच्या माणसांच्या याद्या जोडायचं काम बाईंच्या सिटी सेंटरातल्या कंपनीकडे आलं. त्यातल्याच एका संघात बाईंचे यजमान महिपतराव नोकरीला होते. तेही त्याच महिन्यात, एका सोमवारी संध्याकाळी, बसल्या जागी गेले. तेरावं उरकून चौदाव्या दिवशी बाई कामावर. डोळ्यात टिपूस नाही. लोक म्हणाले, धीराची बाई. धीर कसला डोंबलाचा! आत सगळं बधिर झालं होतं. चहात साखर आहे की नाही तेसुद्धा कळत नव्हतं.

त्याच अवस्थेत त्यांनी 'कर्मचारी' नावाचा क्लास, म्हणजे प्रत्येक माणसाची माहिती भरायचा साचा, लिहिला. नाव स्ट्रिंग, नंबर आकडा. महिपतरावांच्या पासावर ०३१२ छापलेलं होतं, पण वीस वर्षं ते घरात शिरताना ओरडायचे, "तीनशे बारा हाजिर!" ते शून्य त्या घरात कधी कोणी उच्चारलंच नव्हतं.

लेक पद्मानं वडिलांच्या जागी अनुकंपा नोकरीसाठी अर्ज केला होता. तो परत आला. "आई, ते म्हणतात बाबा तो ड्यूटी पर हैं! शनिवारपर्यंत ठीक नाही झालं तर नोकरी गेली समज."

बाईंनी यादी उघडली. दुसऱ्या संघात भालचंद्र म्हणून कोणी होते, नंबर ३१२. शून्य गळालं आणि दोन माणसांचा एक झाला. हजेरी भालचंद्रांची, नाव महिपतरावांचं.

दुरुस्ती पाच मिनिटांची. पण बाईंचा हात चालेना. यादीत नवरा रोज कामावर येत होता. स्वतःच्या तेराव्यालासुद्धा हजर! आज राहू दे, उद्या करू, असं म्हणत मंगळवार गेला, गुरुवार गेला.

शुक्रवारी पद्मा दारात उभी राहिली. "आई, कल लास्ट डेट है."

बाई पुन्हा यादी बघत बसल्या. आज पहिल्यांदा वेळेच्या रकान्याकडे लक्ष गेलं. नऊ पंचावन्न. नऊ पंचावन्न. नऊ छप्पन्न. दाल बाजारात चार ठिकाणी गप्पा छाटल्याशिवाय महिपतराव जन्मात कधी कचेरीत पोचले नव्हते.

"अहो, हे तुम्ही नव्हेच," बाई म्हणाल्या. त्यांनी आकडा खोडून स्ट्रिंग लिहिलं आणि जुन्या याद्या नव्यानं जोडल्या.

भालचंद्र आपल्या जागी गेले. शून्यासकट महिपतराव वेगळ्या ओळीत आले. शेवटची हजेरी सोमवारची. आगमन दहा चाळीस. शेरा : उशिरा. त्यापुढे सगळं कोरं.

बाई तोंडाला पदर लावून ढसाढसा रडल्या.

"झालं का, आई?" पद्मानं घाबरून विचारलं.

"झालं," बाई म्हणाल्या. "तुझे बाबा गेले गं."