पहिल्या अर्काची कॉफी

सोलापुरात कॉफी करता येणारं एकही घर नाही, असं रुक्मिणीबाई मैंदर्गीकरांचं मत होतं आणि ते त्यांनी कधी पदराआड ठेवलं नाही. कुणाकडे गेल्या आणि कपबशी पुढे आली की आधी वास घ्यायच्या. मग एक घोट. मग बशी खाली ठेवून यजमानीणबाईंना गोड आवाजात विचारायच्या, "तुमच्याकडे ताक असेल का हो?"

त्यावरून काय ते समजून घ्यायचं.

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं नाही. त्या काळी सोलापुरात कॉफी म्हणजे एकादशीचं आणि आजारपणाचं पेय. वाण्याकडून पुडी आणायची. तिच्यात कॉफी किती आणि कसल्या भाजक्या मुळांचा भुगा किती, हे वाण्यालाही ठाऊक नसे. ती पुडी दुधात ओतायची, वर साखर, वर जायफळ, आणि म्हशीचं आंबोण शिजवावं तसं रटरट उकळायचं. "जायफळ कशाला घालतात माहितीये?" रुक्मिणीबाई म्हणत. "मढ्यावर अत्तर शिंपडतात ना, त्यासाठी."

ही मिजास त्या रायचूरहून घेऊन आल्या होत्या. नवरा कमलाकरपंत रेल्वेत पार्सल क्लार्क. लग्नानंतर त्यांची नेमणूक रायचूरला झाली आणि तिथेच ती दोघं बरीच वर्षं राहिली. मुंबईकडून येणारी लाइन तिथे संपायची आणि मद्रासची सुरू व्हायची. शेजारच्या खोलीत एका मद्रासी गार्डाची बायको राहत असे, सुंदरम्मा नावाची. काळी, ठेंगणी, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, आणि जिभेला धार अशी की शेजारच्या बायका नळावर तिला आधी पाणी भरू देत. रुक्मिणीबाईंना माहेरचं कानडी येत होतं, तिलाही ते मोडकंतोडकं येई, तेवढ्यावर दोघींचं जमलं.

कॉफी शिकवायला सुंदरम्मानं होकार दिला, पण रुक्मिणीबाईंनी भाजलेली पहिली कढई तिनं सरळ मोरीत ओतली. दुसरीही ओतली. तिसरीच्या वेळी ती दाणे हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे माणसानं प्यायला हरकत नाही." रुक्मिणीबाईंना आयुष्यात मिळालेली ती सर्वांत मोठी पदवी. ती मिळवल्यावर आपणही दुसऱ्याची कढई मोरीत ओतायला मोकळ्या झालो, असं त्यांनी मनाशी धरलं.

सव्वीस-सत्तावीस सालच्या सुमारास बदली होऊन मैंदर्गीकर सोलापूरला आले आणि स्टेशनजवळ एका वाड्यात भाड्यानं राहू लागले. रायचूरकडून येणारा एक ओळखीचा गार्ड अधूनमधून कॉफीच्या कच्च्या बुंददाण्यांची पिशवी आणून देई. ते दाणे रुक्मिणीबाई परसात, मंद निखाऱ्यावर, लोखंडी कढईत भाजत. पिकल्या चिंचेच्या बोटकाचा तपकिरी रंग आला की कढई खाली. मग फळीला आवळून बसवलेल्या हातयंत्रात दळायचं. पाणी नळाचं, हिप्परग्याच्या तळ्यातलं. वाड्यातल्या विहिरीचं मचूळ पाणी त्या भांडी घासायलाच वापरत. पितळेचं दुमजली भांडं होतं, वरच्या मजल्याला बारीक भोकं. त्यात पूड घालून हलक्या हातानं दाबायची, वरून कढत पाणी ओतायचं आणि झाकण ठेवून विसरून जायचं. थेंब थेंब अर्क खाली उतरायचा. कुणी घाई केली, भांडं हलवलं की त्याची धडगत नसे. दूध पहिल्या उकळीला उतरवायचं, अर्क, साखर, दूध, आणि मग या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून धार, फेस येईतो.

कमलाकरपंत तो पेला हातात घेत, डोळे मिटत आणि म्हणत, "छान."

बस्स, एवढंच. पण रुक्मिणीबाईंना ते पुरे होतं. अख्ख्या सोलापुरात एका माणसाला कॉफी कळते आणि तो आपला नवरा आहे. बाकी गाव चहावर आणि आंबोणावर जगेना का!

अशात नव्या पेठेतल्या चिंतामणराव वकिलांनी मुंबईहून कॉफीचं यंत्र आणलं. काचेचे दोन गोळे एकावर एक, खाली स्पिरिटचा दिवा. चिंतामणराव हे कमलाकरपंतांचे शाळेतले सोबती. मुंबईहून आणलेली प्रत्येक वस्तू लोकांना बोलावून दाखवायची, ही त्यांची जुनी खोड. आधी ग्रामोफोन झाला, मग बर्फाची पेटी झाली, आता हे. रविवारी दुपारी चार घरची मंडळी बोलावली. वकील सुधारक, त्यामुळे बायकांनाही दिवाणखान्यात खुर्च्या. त्यांची बायको पद्मजाबाई मात्र कोपऱ्यात कपबशा घेऊन उभी. तिला खुर्ची नव्हती.

"ही नुसती कॉफी नाही, हे शास्त्र आहे," चिंतामणरावांनी दिवा पेटवला. "खालचं पाणी वाफेच्या जोरानं वर जातं. दिवा काढला की कॉफी होऊन खाली येतं. माणसाचा हात लागत नाही! आपल्या बायका चुलीशी धूर खात बसतात, कशासाठी?"

पाणी वर गेलं. मंडळी "वा, वा" म्हणाली. पाणी खाली आलं. मंडळी पुन्हा "वा, वा" म्हणाली. रुक्मिणीबाईंनी टेबलावरची पुडी पाहिली होती. तीच ती, वाण्याची. पेठेत मिळणारी सर्वांत शिळी पूड घालून हा गृहस्थ शास्त्र शिकवत होता.

कप फिरले. कुणी म्हणालं, असली कॉफी गव्हर्नरच्या बंगल्यावरही नसेल. दुसरं म्हणालं, नसेलच. चिंतामणराव एकेकाजवळ जाऊन दाद गोळा करत होते. ते रुक्मिणीबाईंपुढे येऊन थांबले.

"वहिनी, तुम्ही तर यातल्या दर्दी. बोला."

"यंत्र फार सुरेख आहे," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

कमलाकरपंतांनी सुटकेचा श्वास टाकला. तो फार लवकर टाकला.

"यंत्राचं नव्हे, कॉफीचं विचारतोय मी!"

"रंग आहे, वाफ आहे," रुक्मिणीबाईंनी कप टेबलावर ठेवला. "कॉफी घालायची तेवढी राहिली वाटतं, वकीलसाहेब."

आत्तापर्यंत वा वा करणारी मंडळीच आधी हसली. कुणाला तर ठसका लागला. चिंतामणरावही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. पद्मजाबाईनं तोंडाला पदर लावला तो कशासाठी, हे कुणाला कळलं नाही.

घरी आल्यावर कमलाकरपंत टोपी खुंटीला अडकवत म्हणाले, "असं चारचौघांत बोलायला नको होतं. बरी होती की कॉफी."

"बरी?" रुक्मिणीबाई थबकल्या. "ती बरी होती?"

"म्हणजे... पिण्यासारखी होती."

वकिलाच्या भिडेनं बोलताहेत, असं रुक्मिणीबाईंनी मनाला समजावलं. पण पायात काटा मोडावा तसं ते वाक्य आत राहिलं.

सकाळी सोजरबाई दूध घालायला आली. ती जवळच्या खेड्यातून डोक्यावर चरवी घेऊन चालत येई आणि आधी स्टेशनबाहेरच्या चहाच्या दुकानात रतीब घालून मग इकडे वळे. रुक्मिणीबाई नेहमीसारखं दूध बोटावर घेऊन पारखत होत्या.

"आज पातळ आहे गं."

"न्हाय वो बाई, त्येच दूध हाय. तुमच्या मालकास्नी इचारा की. त्या च्याच्या दुकानात माझंच दूध जातंय. मालक रोज तितं दोन कप च्या पित्यात. लई गोड मानूस. 'सोजरबाई, तुज्या दुधाचा च्या म्हंजे अमृत' म्हनत्यात."

"कोण? हे?"

"व्हय की. सकाळी हापिसात जाताना येक, अन् सांजच्याला घरला येताना येक. आलं घालून." सोजरबाईनं रिकामी चरवी उचलली आणि रुक्मिणीबाईंचं तोंड बघून तिथून पाय काढला.

त्या दिवशी संध्याकाळी कमलाकरपंत घरी आले तेव्हा रुक्मिणीबाई ओसरीवर वाट पाहत बसल्या होत्या. चूल पेटलेली नव्हती.

"आल्याचा चहा झाला पिऊन?"

कमलाकरपंत मास्तरानं पकडलेल्या पोरासारखे उभे राहिले. मग खांबाला टेकून खाली बसले.

"सांगणार होतो तुला. रायचूरलाच सांगणार होतो."

"रायचूरला?"

"मला कडू सोसत नाही गं. पित्त होतं. पण तू त्या सुंदरम्माकडून शिकून आलीस, पेला पुढे केलास, आणि अशी बघत उभी राहिलीस... काय म्हणणार? 'छान' म्हणालो. एकदा म्हटल्यावर मग रोजच म्हणावं लागलं."

"आणि डोळे मिटायचात ते?"

"गिळायचो," कमलाकरपंत म्हणाले.

रुक्मिणीबाईंना रडू यायला हवं होतं, पण आला तो नुसता तिटकारा. वकील निदान आपल्या मूर्खपणाचा ढोल तरी वाजवतो. हा माणूस रोज सकाळी औषध गिळावं तशी कॉफी गिळत होता आणि आपण त्यालाच गावातला एकमेव जाणता समजून मिरवत होतो. गाढवाला गुळाची चव काय, ही म्हण आपण साऱ्या गावाला लावली. गाढव तर घरीच बांधलेलं होतं!

"उद्यापासून तुम्हाला चहा," एवढंच त्या बोलल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच चहा केला. चहा करायला अक्कल लागत नाही, हे त्यांचं मत, त्यामुळे लक्ष न देताच केला. पाणी, पत्ती, साखर, आलं, सगळं एकदम टाकून उकळलं. कमलाकरपंतांनी बशीत ओतून फुरका मारला, आणि त्यांचा सबंध चेहरा असा उजळला की रुक्मिणीबाईंनी मान फिरवली. इतकं सुख त्या तोंडावर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तेही असल्या पाण्यानं!

पंत ऑफिसला गेले. सवयीनं लावलेलं पितळी भांडं कोपऱ्यात तसंच होतं, अर्क उतरून तयार. तो कुणाला द्यायचा, असा प्रश्न रुक्मिणीबाईंना पडला आणि त्याबरोबर एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पहिला अर्क आपण कधी प्यायलोच नाही. पहिला नवऱ्याला, पाहुणा असला तर पाहुण्याला. मग उरलेल्या चोथ्यावर पुन्हा पाणी ओतून जे फिकं उतरे ते आपलं. रायचूरलाही तसंच. भांड्याला तोंड लावून चाखायचं नाही, म्हणून तळहातावर एक थेंब घेऊन चाटायचा, तेवढीच पहिल्या अर्काची ओळख. थेंबाच्या जोरावर आपण गावाच्या कपबशा खाली ठेवत होतो.

त्यांनी दूध तापवलं. पेला भरून कॉफी केली आणि भर सकाळी, घरातली कामं तशीच टाकून, ओसरीवर पाटावर बसल्या. गिरणीचा भोंगा होऊन गेला होता. रस्त्यावरून एक बैलगाडी चालली होती. त्यांनी घोट घेतला.

मग दुसरा घेतला, पहिल्यावर विश्वास बसेना म्हणून.

कॉफी करपट होती.

फार नव्हे, किंचित. शेवटी जिभेच्या मुळाशी राखेची चव राहत होती. बोटकाचा रंग, बोटकाचा रंग म्हणत हात हळूहळू पुढे गेला होता. कढई जरा जास्त वेळ राहू लागली होती. कधीपासून, कोण जाणे! सांगणार कोण? पिणारा डोळे मिटून गिळत होता आणि करणारी चोथ्याचं पाणी पीत होती. सुंदरम्मा असती तर ही कढई तिनं त्यांच्या देखत मोरीत ओतली असती आणि वर दोन शब्द सुनावले असते.

रुक्मिणीबाई उठल्या आणि तो पेला त्यांनी स्वतःच मोरीत ओतला. डब्यातले भाजलेले दाणेही ओतले. मग परसात जाऊन निखारे पेटवले आणि कच्चे दाणे कढईत घालून राखणदारासारख्या बसल्या. दाणे तडतडले तशी कढई ओढली. दळून, उतरवून, पुन्हा एक पेला. तो जमला नाही. त्या आठवड्यात त्यांनी जवळजवळ अख्खी पिशवी भाजली आणि बरीचशी फेकली. कमलाकरपंत चहा पीत बघत होते. विचारायची त्यांची हिंमत नव्हती. अखेर एका सकाळी पेला पुरा संपला आणि तळाशी राख लागली नाही. "हे माणसानं प्यायला हरकत नाही," असं काही त्या स्वतःला म्हणाल्या नाहीत. त्यांनी पेला विसळून पालथा घातला.

त्यानंतर त्यांची जीभ मवाळ झाली असेल, असं कुणाला वाटलं तर ते चूक. उलट आधी अंदाजानं नावं ठेवत, आता खात्रीनं ठेवू लागल्या. बोलावणी कमी झाली, त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. घरी आलेल्यांना त्या सरसकट चहा देत. एकदा चिंतामणराव राग गिळून कामासाठी कमलाकरपंतांकडे आले आणि म्हणाले, "वहिनी, तुमची ती प्रसिद्ध कॉफी होऊन जाऊ द्या!" रुक्मिणीबाईंनी त्यांना दुसऱ्या अर्काची दिली, वर जायफळ किसून. वकिलांनी बशी चाटायची तेवढी बाकी ठेवली आणि म्हणाले, याला म्हणतात कॉफी.

पुढच्याच आठवड्यात दुपारच्या वेळी पद्मजाबाई एकटीच आली. टांगा तिनं चौकातच सोडला होता. बसायला सांगितलं तरी उभीच राहिली.

"यंत्राचा वरचा गोळा तडकला," ती म्हणाली. "मीच धूत होते."

"बरं झालं."

"मला शिकवाल का? भाजण्यापासून."

रुक्मिणीबाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या रविवारचा पदर त्यांना आठवला. "तुमची कढई मोरीत ओतेन मी. राग येईल तुम्हाला."

"येऊ दे," पद्मजाबाई म्हणाली आणि पदर खोचून परसात गेली.

पहिली कढई मोरीत गेली. दुसरीही. पद्मजाबाईचे डोळे धुरानं आणि कशाकशानं लाल झाले, पण ती हटली नाही. तिसऱ्या खेपेला रुक्मिणीबाईंनी दाणे हातावर घेतले, हुंगले आणि दळायचं हातयंत्र तिच्यापुढे सरकवलं. पितळी भांड्यात अर्क उतरू लागला तशी पद्मजाबाई म्हणाली, "यातली आमच्या ह्यांच्यासाठी किती नेऊ?"

"त्यांना चहा करा," रुक्मिणीबाई म्हणाल्या, आणि दोन पेले पुढ्यात मांडले.