तिचं लुगडं, माझी म्हैस

काडीमोड व्हायच्या आधी आमी दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते कडबा रचायचं. ती खालनं पेंढ्या फेकायची, मी वर गंज लावायचो. ती म्हणाली, "आवं, गंज कलतीया." मी म्हटलं, "तू पेंढ्या टाक, अक्कल टाकू नगंस." तवर गंज माझ्यासकट खाली आली. ती हसली. मी वंगाळ बोललो, तिनंबी उलट सुनावलं, आन् ती कवठे महांकाळकडं माहेराला निघून गेली. दोन्हीकडची माणसं हट्टाची. पंच बसले, काडी मोडली, संसार मोडला.

त्यानंतरबी आमी म्हातारं होईस्तोवर एकत्र नांदलो, ते कसं ते सांगतो. आता ती खरीच गेली. घर खायाला उठतं. पण हे आठवलं की एकटाच हसतो.

तवा लढाईचा काळ. आमचं गाव रहिमतपूरच्या अंगाला. ती माहेरी गेली आन् म्हशीनं दूध चोरलं. तिला बायकोच्याच हाताची सवय. मी कासंला हात लावला की लाथ. शेजारची म्हातारी म्हणाली, "तिचं लुगडं नेसून बस. जनावराला वासावर कळतं." हिरवं लुगडं घरात ऱ्हायलं हुतं. नेसलो, डोक्यावरनं पदर घेतला. बांगड्या चढंनात, त्या सोडल्या. म्हशीनं पान्हा सोडला! मग रोज तसाच बसाय लागलो.

एका सांजंला ती आपल्या वस्तू न्यायला आली. संगं बैलगाडी आन् पलटणीतनं सुट्टीवर आलेला भाऊ. मी गोठ्यात धार काढत हुतो. लुगड्यात बाहीर कसा येणार? हंडा गाडीत चढला, घोंगडं चढलं, जातं चढलं.

"दादा, माझं हिरवं लुगडं दिसंना. पाव्हण्यास्नी इचार."

भाऊ गोठ्यात डोकावला. आत अंधार. "बाई, घरधनी कुठं हायती?" मी मान खाली घातली. तसा तो वरडला, "आगं, ह्यानं दुसरी केली!"

ती तीरासारखी आत आली. "कोण गं तू भवाने? माझं लुगडं नेसून माझ्या म्हशीखाली बसलीस?" आन् पदर वढला. खाली माझ्या मिशा!

भाऊ हसून हसून खाली बसला. "दाजी, आवं दाजी, लय शोभतंय!" काडी मोडल्यावर मी कुठला दाजी? पण त्याच्या तोंडातनं निघून गेलं. ती म्हशीच्या गळ्याला धरून हसत हुती. म्हैस बुजली, तिनं मला शेणात लोळवलं.

हसू आवरल्यावर तिनं लुगड्याचा काठ बघितला आन् माझ्याकडं न बघता म्हणाली, "शेण लागलंय. धुऊन द्या. डाग निघाल्याबिगर मी गाडीत बसायची न्हाई."

भावानं गुमान बैलं सोडली. ती शेजारच्या म्हातारीकडं निजली. भाऊ आमच्या ओसरीवर. निजताना त्यानं मला वडी दिली. "पलटणीचा साबण हाय. कसलाबी डाग काढतो, जपून वापरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी लुगडं घिऊन नदीला गेलो. पाणवठ्यावरच्या बाया खिदळल्या. म्हटलं खिदळा. लुगडं बुचकाळलं, दगडावर आपटलं, पिळलं. डागाला तेवढा हात लावला न्हाई. साबण कोरडाच परत आणला.