लोबो सरांनी मोजलेली भूक

कुणाच्या हातात मोबाइल दिसला की लोबो सर हात पुढे करत. समोरच्याला वाटे, सरांना कुठेतरी फोन लावायचा आहे. पण सर फोन पालथा करत, नखाने मागचे झाकण उघडत, चष्मा कपाळावर चढवून बॅटरीवरचे बारीक आकडे वाचत आणि विचारत, "ह्याची भूक कितकी, ठाव आसा तुका?" मालवणच्या बाजारात एका पाहुण्याला वाटले, सर चोरीचा फोन तपासत आहेत. त्याने तिथल्या तिथे खरेदीची पावती काढली. सर म्हणाले, "पावती ऱ्हवांदे रे. ह्यो दिसाक कितके येळा जेवता, ता सांग."

सर मला हायस्कूलला विज्ञान शिकवत. आमचे घर वालावलच्या खाली, कर्ली खाडीतल्या लहानशा बेटावर. विजेचे खांब पलीकडच्या काठापर्यंत येऊन थांबले होते. आम्ही शाळेला होडीने जात असू. आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेले नव्हते. निकालाच्या दिवशी सर माझ्या वडिलांना एवढेच म्हणाले, "आबा, चेडवाक कुडाळाक धाडा. बाकीचा मी बगतंय." मी बी.एस्सी. झाले, त्यामागे हे वाक्य आहे.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना वहिनीला दिवस गेले. दादा रत्नागिरीकडे ट्रॉलरवर होता. बेटावर ना दवाखाना, ना सुईण. ओहोटी लागली की आमच्या धक्क्यावरची होडी चिखलात बसते. वेळ आली तर पलीकडे हाक पोचवायला वस्तीत नुकतेच आलेले तीन मोबाइल होते. पण ते चार्ज करायला पलीकडच्या पानपट्टीवर ठेवून यावे लागत. म्हणजे गरज इकडे आणि फोन तिकडे. वहिनीला त्याचीच धास्ती होती. "भरती बगून कळा येवच्या काय गो माका?" असे ती हसत विचारायची, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचत नसे.

मी हे सरांच्या कानावर घातले. रविवारी चर्चमधली मिसा आटपून सर होडीने आले आणि आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, सगळ्यांना बसवून खडूने जमिनीवर पंगत आखू लागले.

"उन्हार चलणारो सोलर पॅनल म्हणजे रांदपी, जेवण करणारो. बॅटरी म्हणजे टोप. लोक आदी रांदपी आणतत आणि मगे पानां मोजतत. आपण उलट जावया. जेवतले कितके?"

तीन फोन, एक हातातली विजेरी आणि आबांचा रेडिओ. सरांनी प्रत्येकाचे पान मांडले. आबा खाकरून म्हणाले, "सर, टीव्हीक पण एक पान वाढा. क्रिकेट तरी बगूक मेळात."

"आबा, टीव्ही पंगतीक बसलो तर सुनेचो फोन उपाशी उठतलो. कोणाक उठवू, तुमीच सांगा."

आबांनी सुनेकडे पाहिले. "क्रिकेट रेडिओर आयकतंय," ते म्हणाले.

मग सरांनी मला पुढचा हिशोब करायला लावला. पॅनलवर दहा वॅट लिहिले म्हणून दहा मिळत नाहीत. कौलावर तो तापतो, खाऱ्या वाऱ्याने धुरकटतो, म्हणून सहा-सातच धरायचे. ऊन दिवसभर दिसले तरी पॅनलला पुरते मानवणारे ऊन चार-पाच तासांचेच. टोप असा हवा की दोन दिवस मळभ आले तरी कुणी उपाशी राहू नये. शिवाय टोप तळापर्यंत खरवडायचा नाही. अर्धा राखला तरच बॅटरी टिकते. शेवटी दहा वॅटचा पॅनल आणि स्कूटरला असते तेवढी बॅटरी पुरेशी ठरली. वस्तीने वर्गणी काढली. माडाची सावली चुकवून, दक्षिणेकडे तोंड करून पॅनल आमच्या कौलांवर चढला, आणि मोटारीत लावायच्या चार्जरवर फोन पोटभर जेवू लागले.

दसऱ्यानंतर मात्र फोन अर्धपोटी उठू लागले. वहिनीचे दिवस भरत आले होते. ऊन लख्ख, वायर शाबूत, तरी बॅटरी भरेना. मी सरांना बोलावून आणले. ते खळ्यात उभे राहून वर बघत राहिले. "हार कोणी घातलो?"

खंडेनवमीला आमच्याकडे जाळी, वल्ही, कोयते सगळे पूजतात. त्या वर्षी आबांनी पॅनललाही पुजले होते आणि गोंड्याच्या, म्हणजे झेंडूच्या फुलांचा जाडजूड हार त्याच्यावर आडवा टाकला होता. देवाचा हार काढायचा कोणी, म्हणून तो तिथेच सुकत होता.

"मानान घातलंय, सर," आबा म्हणाले. आवाज थोडा चढलेला होता.

सरांनी हाराला हात लावला नाही. आपल्या पिशवीतला चौकोनी खणांचा छोटा पॅनल खळ्यातल्या उन्हात ठेवला, त्याला मीटर जोडला आणि आबांना म्हणाले, "ह्या एका खणार हात धरा." आबांनी तळवा धरला. काटा झपकन खाली आला. आबांनी हात काढला, काटा वर. त्यांनी पुन्हा धरला, पुन्हा काढला.

"साकवावरच्या माणसांसारके हे सगळे खण एकामागसून एक चलतत," सर म्हणाले. "एक थांबलो की मागचे सगळे थांबले. तुमचो मान खरो, आबा. पण पॅनल नुसतो वर बसान मिरवता. राबता ती बॅटरी. हार तिका घाला."

आबा शिडीवर चढले, हार उतरवला आणि बॅटरीच्या पेटीला गुंडाळून नमस्कार केला.

त्याच आठवड्यात भर दुपारी, खाडी पार आटलेली असताना वहिनीला कळा सुरू झाल्या. फोन भरलेला होता. मी सरांना लावला. "दक्षिणेच्या टोकाक पाणी खोल आसता, तिका थंय आणा. समोर होडी आणि जीप दोनय धाडतंय," सर म्हणाले. आम्ही वहिनीला खुर्चीत बसवून टोकापर्यंत नेले. होडी आमच्या आधी पोचली होती. कुडाळच्या दवाखान्यात पुतणी झाली. तिला पाहायला आलेल्या सरांनी आधी वहिनीची विचारपूस केली, मग पाळण्यात डोकावून मला म्हणाले, "जेवतला एक वाढला गो. हिशोब परत करूक व्हयो."

पुढे सर गोव्याला लेकीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. बातमी त्याच फोनवर आली. मी आता गावोगाव असे छोटे सोलर संच बसवून देते. लोक आधी पॅनलची किंमत विचारतात आणि मी आधी जेवणारे विचारते.

सर गेले त्या वर्षीच्या खंडेनवमीला आबांनी बॅटरीला हार घातला आणि एक फूल घेऊन ते शिडी चढले. "ह्या सरांच्या नावान," म्हणत त्यांनी ते पॅनलच्या कडेला ठेवले. खाली शाळेच्या कपड्यांत उभी असलेली पुतणी कपाळावर हात धरून बघत होती.

"आबा, वायच बाजूक घेवा," ती म्हणाली. "सावली पडता."

आबांनी फूल बाजूला सरकवले.